बर्फातली रात्र आणि आतला पहारेकरी

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥



गेल्या गुरुवारी आरती झाली, तिळगूळ वाटून झाला आणि मंडळी उठणार तेवढ्यात लालबागच्या आपल्या एक ताई पुढे आल्या. मागे त्यांचे चिरंजीव, वय 23, वडिलांसोबत यंत्रमागाचं काम बघतात. ताईंनी नमस्कार केला आणि सरळ विषयालाच हात घातला. "गुरुजी, याला आता तुम्हीच सांगा. 26 जानेवारीला जोडून सहा पोरं मनालीला चाललीत. सोलंगला बर्फावर स्कीइंग शिकायचं म्हणे. ते ठीक आहे. पण रात्री तिथे काय काय चालतं ते मी मोबाइलवर पाहिलंय. कॅफे, डीजे, दारू. तुम्ही फक्त 'नाही' म्हणा, म्हणजे तो जाणार नाही."

गुरुजींनी मुलाकडे पाहिलं. तो मान खाली घालून उभा. मग ताईंकडे वळून ते हसत म्हणाले, "ताई, मी नाही म्हटलं तर तो जाणार नाही, की तुम्हाला सांगणार नाही?"

सभागृहात एकदम शांतता झाली. कारण हा प्रश्न ताईंना होता, पण लागला सगळ्यांनाच. त्यानंतर अर्धा-पाऊण तास जे बोलणं झालं ते या आठवड्याच्या पत्रात देत आहोत. ज्यांच्या घरची मुलं-मुली या हिवाळ्यात मनाली, गुलमर्ग, औलीला निघाली आहेत त्यांनी तर जरूर वाचावं. ज्यांची नाहीत त्यांनीही वाचावं, कारण उद्या निघतीलच!

आपल्याच गावातली गोष्ट

गुरुजी म्हणाले, "पुराणातलं नंतर सांगतो. आधी आपल्या बुऱ्हाणपुरातलं सांगतो."

अकबर बादशहाचा मुलगा दानियाल. दख्खनचा कारभार त्याच्याकडे होता आणि मुक्काम आपल्या गावात. त्याला दारूचं व्यसन जडलं होतं. मोठा भाऊ मुराद दारूपायीच 1599 साली गेला होता, म्हणून अकबराच्या पोटात गोळा उठलेला. आग्र्याहून ताकिदीवर ताकीद येत होती. दानियालचे सासरे कोण, तर अब्दुल रहीम खान-ए-खाना, ज्यांचे दोहे आपण शाळेत शिकलो ते रहीम. त्यांनी जावयावर पहारा बसवला. आत दारूचा थेंब जाऊ द्यायचा नाही, असा कडक हुकूम.

मग काय झालं? शहजाद्याने जवळच्या लोकांना गळ घातली. त्याची एक लाडकी बंदूक होती. बंदूक आत-बाहेर न्यायला कोण अडवणार? तिच्या नळीत दोनदा गाळलेली दारू भरून ती आत आणली गेली. नळीतला गंज आणि बारुदीचा अंश त्या दारूत उतरला. दानियालने ती प्यायली आणि अंथरुणाला खिळला तो उठलाच नाही. साल 1605, वय जेमतेम 32. त्याच वर्षी काही महिन्यांनी अकबरही गेला. ही हकीकत दानियालचा सावत्र भाऊ जहांगीर याने स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवली आहे. पुढे 1626 मध्ये जहांगीरचा मुलगा परवेझ, तोही दारूपायी, तोही इथेच बुऱ्हाणपुरात गेला.

गुरुजी थांबले. मग म्हणाले, "अकबरापेक्षा मोठा बाप कोण होता? त्याच्यापेक्षा कडक पहारा कोण बसवणार? तरी दारू आत गेलीच, आणि साध्या प्याल्यातून गेली असती त्याहून जास्त विषारी होऊन गेली. ताई, पहारा बाहेर बसवला की चोरवाट निघते. पहारेकरी आत बसवावा लागतो."

आणि मुलाकडे पाहून म्हणाले, "बाळ, अजून एक गोष्ट लक्षात ठेव. दानियालला दारू शत्रूने नाही आणून दिली. 'आपल्या माणसाला नाही कसं म्हणायचं' असं वाटणाऱ्यांनीच दिली."

आमची चूक

इथे आम्हाला आमच्या मनातलं एक सांगायचं आहे. ज्यांच्याबद्दल आहे त्यांची परवानगी घेतली आहे, नाव मात्र देत नाही.

काही वर्षांपूर्वी आपल्याच परिवारातला एक मुलगा मित्रांबरोबर डोंगरातल्या अशाच बर्फाच्या गावी गेला होता. घरी सांगितलं होतं, 'वैष्णोदेवीला चाललो.' कारण खरं सांगितलं असतं तर परवानगी मिळाली नसती. रात्री एकच्या सुमारास मंडळी कॅफेतून निघाली. सगळ्यांनी घेतलेली. पुढच्यांना वाटलं तो मागे आहे, मागच्यांना वाटलं तो पुढे गेला. तो रस्त्याच्या कडेला बर्फावर बसला होता. त्याने नंतर सांगितलं, 'थंडी वाजतच नव्हती, उलट गरम होत होतं, म्हणून जॅकेट काढून ठेवलं.' एका टॅक्सीवाल्या भाऊला दिव्याच्या उजेडात ते जॅकेट दिसलं म्हणून त्याने गाडी थांबवली. जीव वाचला. पायाची दोन बोटं गेली.

पण आम्हाला जे आजही टोचतं ते वेगळंच आहे. बसण्याआधी त्याच्या हातात फोन होता. चार्जिंग होतं, रेंज होती. त्याने घरी फोन केला नाही. का? तर 'मी वैष्णोदेवीला आहे, या वेळी इथून कसा बोलू?' आणि परत आल्यावर आम्ही, सत्संगातली मोठी माणसं, काय केलं? विचारपूस कमी आणि उपदेश जास्त. वर्षभर तो पोरगा आरतीला आला नाही. दोष त्याचा होता, तसा आमचाही होता. ज्या घरात खरं बोलायची भीती वाटते, त्या घरचं मूल संकटातही खोटंच सांभाळत बसतं.

पतंग आणि मधमाशी

आपल्या दत्तप्रभूंच्या संप्रदायात अवधूतांचे चोवीस गुरू सगळ्यांना माहीत आहेत. भागवताच्या अकराव्या स्कंधात ते येतात आणि नाथमहाराजांनी एकनाथी भागवतात ते मराठीत घरोघर पोहोचवले. गुरुजींनी त्यातले दोनच घेतले.

पहिला पतंग. रात्री दिवा दिसला की झेप घेतो. दिव्याचा काय दोष? दिवा देवघरातही असतो. पतंगाला अंतर ठेवता येत नाही, एवढाच त्याचा घात. दुसरी मधमाशी. ती फुलावर बसते, थोडा रस घेते आणि फूल न दुखावता उडून जाते. तिला घरी पोहोचायचं असतं, हे तिच्या लक्षात असतं.

"रात्रीची मजा म्हणजे पाप, असं मी म्हणत नाही," गुरुजी म्हणाले. "आपणही कोजागिरीला रात्र जागवतो. भजनाला पहाट करतो. रात्र वाईट नाही, भान हरवणं वाईट." गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत अर्जुनाला हेच सांगतात की फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही आणि सतत जागणाऱ्यालाही नाही. खाणं, फिरणं, काम, झोप, सगळं मापात. ज्ञानेश्वर माउलींनीही तिथे हेच माप समजावून दिलं आहे.

कोणीतरी मागून विचारलं, "म्हणजे गुरुजी, थोडी चालेल?" हशा पिकला. गुरुजीही हसले, पण उत्तर स्पष्ट दिलं. ज्यांनी अनुग्रह घेतला आहे त्यांना नियम माहीत आहे, त्यात पळवाट नाही. पण तुमच्याबरोबर येणारे सगळेच अनुग्रहित नसतात. त्यांच्यावर नाक मुरडू नका आणि त्यांना एकटंही सोडू नका. जो पीत नाही तो त्या रात्रीचा जागा माणूस. ही त्याची सेवा समजा.

शरीराचा धर्म

यानंतर आपल्या परिवारातले एक डॉक्टर काका बोलले. गुरुजींनीच त्यांना उभं केलं. म्हणाले, "अध्यात्म मी सांगितलं, आता शरीर तुम्ही सांगा." त्यांचं बोलणं थोडक्यात असं.

आपलं बुऱ्हाणपूर समुद्रसपाटीपासून साधारण अडीचशे मीटरवर. मनाली दोन हजारांच्या वर, सोलंग अडीच हजारांच्या आसपास. अडीच हजार मीटरवर दर श्वासाला मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या मानाने पाऊण हिश्श्याइतकाच असतो. म्हणून पहिल्या दिवशी डोकं दुखणं, मळमळणं, झोप न लागणं होऊ शकतं. पहिली रात्र विश्रांतीची ठेवा, पाणी भरपूर प्या. त्यात दारू घेतली तर हा त्रास डोंगराचा की दारूचा, हेच कळत नाही.

'थंडीत दोन घोट घेतले की ऊब येते' हे खोटं आहे. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात, म्हणून वर गरम वाटतं. पण आतली ऊब त्याच वाटेने बाहेर निघून जाते. थंडीने शरीर हरायला लागलं की माणूस बडबडतो, अडखळतो, आणि शेवटी उलट गरम होतंय म्हणून कपडे काढतो. त्या मुलाचं जॅकेट आठवा. असं कोणी दिसलं तर आत न्या, ओले कपडे काढा, पांघरुणात गुंडाळा, शुद्धीवर असेल तर गरम गोड चहा द्या आणि दवाखाना गाठा. अंगाला बर्फ चोळू नका, 'गरमीसाठी' दारू तर मुळीच देऊ नका. देशभर कुठेही 112 लावता येतो.

दारू उतरायला वेळ लागतो. एक छोटा पेग उतरायला साधारण एक तास, कधी जास्तच. कॉफीने, लिंबाने, गार पाण्याने तो वेळ कमी होत नाही. रात्री एकपर्यंत चार मोठे पेग, म्हणजे आठ छोटे, झाले तर सकाळी नऊला स्की बांधताना अंगात दारू असू शकते. उतारावर आपण एकटे नसतो. खाली कोणाचं तरी लहान लेकरू घसरगाडीवर बसलेलं असतं.

कोळशाची शेगडी किंवा अंगीठी बंद खोलीत पेटती ठेवून झोपू नका. तिच्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. प्यायलेल्या माणसाला तर जागच येत नाही. अंगीठीची मजा बाहेर ओसरीत घ्या, झोपताना रजया घ्या. आणि कोणी जास्त घेऊन झोपला असेल तर त्याला कुशीवर झोपवा, कोणीतरी जवळ बसा.

गाडीचं तर सांगायलाच नको. रात्री रस्त्यावरचं पाणी गोठून काचेसारखं होतं, ते दिसत नाही. पिऊन चालवली तर पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि कुल्लूच्या खोऱ्यात कोणी 'नुसतं एकदा बघ' म्हणून चरस पुढे केली तर हात जोडून उठा. 1985 चा कायदा कडक आहे, 'माझं नाही, मित्राचं आहे' हे तिथे कामाला येत नाही.

देव जिथे मौनात आहेत

आता जे सांगतो ते खुद्द ताईंनाही माहीत नव्हतं, आणि आमच्यातल्या बहुतेकांनाही नव्हतं.

आपली मुलं ज्या सोलंगला चालली आहेत, त्याच भागात गोशाल आणि आसपासची काही गावं आहेत. मकरसंक्रांतीपासून पुढे साधारण 42 दिवस ही गावं मौन पाळतात. त्यांची श्रद्धा अशी की गौतम ऋषी, व्यास ऋषी आणि कांचन नाग हे त्यांचे देव या काळात स्वर्गात गेलेले असतात. देव परत येईपर्यंत मोठा आवाज करायचा नाही, टीव्ही लावायचा नाही, देवळात घंटा वाजवायची नाही, शेतात औजार लावायचं नाही. बर्फ पडायचा, पर्यटक यायचे दिवस नेमके हेच. एका बाजूला डीजे आणि काही अंतरावर अख्खं गाव देवाची वाट बघत गप्प बसलेलं.

गुरुजी म्हणाले, "विचार करा. आपल्या दत्तजयंतीच्या सप्ताहात, पारायण चालू असताना, बाहेरगावचे पाहुणे मंडपाच्या मागे स्पीकर लावून नाचले तर आपल्याला कसं वाटेल? आपण तिथे पाहुणे आहोत. पाहुण्याने यजमानाचा देव ओळखावा. गाणी म्हणा, पण खोलीत. नाचा, पण जिथे त्याची जागा आहे तिथे." रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावायचा नाही हा तर कायदाच आहे, 2000 सालापासूनचा. पण कायद्याआधी माणुसकी आहे.

बर्फावर बाटल्या, वेफर्सच्या पिशव्या टाकू नका हेही त्यातच आलं. तो बर्फ वितळून बियास नदीत जातो. आपल्या तापीमाईत कोणी कचरा टाकला की आपण चिडतो ना?

मग रात्री करायचं तरी काय?

हा प्रश्न मुलानेच विचारला. तोपर्यंत त्याची मान वर आली होती. नुसतं 'हे नको, ते नको' सांगून सोडलं तर ते प्रवचन अर्धवट. म्हणून मनालीला जाऊन आलेल्या आपल्या काही कुटुंबांनी त्याला तिथेच यादी करून दिली.

पहिली संध्याकाळ वशिष्ठ गावात. वशिष्ठ ऋषींचं देऊळ आहे आणि गरम पाण्याचं कुंड. दिवसभर बर्फात पडून-उठून आलेल्या अंगाला त्यासारखं सुख नाही. दुसऱ्या दिवशी उन्हं उतरायच्या आत ढुंगरीचं हिडिंबादेवीचं लाकडी देऊळ, 1553 सालचं, देवदारांच्या गर्द राईत. रात्री गरमागरम सिड्डू, म्हणजे त्यांची वाफवलेली भाकरी, वर साजूक तूप. जुन्या मनालीतल्या कॅफेत बसा की, कोण नको म्हणतंय? कोणी गिटार वाजवत असतं, चार देशांतले लोक असतात, गप्पा होतात. गरम आलं-मधाचं पाणी घेऊनही तिथे बसता येतं, कोणी उठवत नाही. स्थानिक मंडळी कुठे नाटी नाचत असतील आणि त्यांनी हात पुढे केला तर त्यांच्यासारखी संथ पावलं टाका.

आणि झोपण्याआधी पाच मिनिटं बाहेर उभे राहा. आकाश मोकळं असेल तर आपल्या गावात दिव्यांमुळे दिसत नाहीत इतके तारे दिसतात. तिथे एक माळ जप करा. पायाखाली बर्फ, समोर हिमालय आणि ओठांवर नाम. सगळ्या ट्रिपमध्ये याला एक पैसा लागत नाही.

तीन संकल्प

शेवटी गुरुजींनी दोघांकडूनही संकल्प करून घेतले. सगळ्यांच्या उपयोगाचे आहेत म्हणून देतो.

मुलाचा पहिला संकल्प: रोज रात्री सहापैकी एक जण जागा माणूस. पाळीपाळीने. त्या रात्री तो पिणार नाही. निघताना आणि पोहोचल्यावर तो डोकी मोजेल. सहा गेले, सहा आले. बोटाने मोजायचं, अंदाजाने नाही.

मुलाचा दुसरा संकल्प: घरी खरं सांगायचं. कुठे आहे, कोणाबरोबर आहे, किती वाजता परतणार. आवडणार नाही असं असलं तरी खरंच सांगायचं.

तिसरा संकल्प ताईंचा, आणि गुरुजी म्हणाले, "हा सगळ्यात अवघड आहे." रात्री कितीही वाजता फोन आला, पोरगा कुठल्याही अवस्थेत असला, तरी त्या फोनवर एकही शब्द रागाचा नाही. आधी विचारायचं, 'कुठे आहेस, ठीक आहेस ना, बरोबर कोण आहे?' बाकीचं बोलणं तो घरी आल्यावर, जेवण झाल्यावर.

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "गुरुजी, मी नाही म्हणवून घ्यायला आले होते." गुरुजी म्हणाले, "नाही म्हणणं सोपं होतं ताई. अकबरानेही तेच केलं होतं."

आणि मग जहांगीरचं राहिलेलं सांगितलं. हाच जहांगीर एके काळी दिवसाला वीस-वीस प्याले प्यायचा. हात थरथरायला लागले, प्याला दुसऱ्याने धरावा लागे. हकिमाने तोंडावर सांगितलं की असंच चाललं तर सहा महिन्यांत उपाय राहणार नाही. त्याने हळूहळू, वर्षानुवर्षं कमी करत ते सहावर आणलं. पूर्ण सुटला नाही, आदर्श नाहीच तो. पण एक भाऊ पहाऱ्यात असून गेला आणि दुसऱ्याने खरं सांगणाऱ्याचं ऐकलं म्हणून आणखी बरीच वर्षं जगला.

मंडळी उठली. दारात मुलगा आईची चप्पल सरळ करून ठेवत होता. ताई त्याला विचारत होत्या, "अरे, तिकडे दराबा टिकेल का थंडीत? सहा जणांना पुरेल एवढा देते." आणि मागे, कोपऱ्यातल्या खुर्चीवरून, एक तरुण काठी न घेता, जरासा जपून पावलं टाकत त्या मुलाजवळ गेला. त्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "माझा नंबर घे. रात्री काहीही वाटलं तर मलाही लाव. मी उचलतो."

तो आता दर गुरुवारी आरतीला येतो.

हे पत्र आपल्या फॅमिली ग्रुपवर जरूर पाठवा. पाठवून थांबू नका, आज जेवताना मुलांसमोर तिसरा संकल्प मोठ्याने म्हणा. त्यांनी ऐकला पाहिजे.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥